‘तिकीट थेट, पण विमान दोन तास जास्त’ या, आमच्या ट्रॅव्हल एजन्सीला एक तारा देणाऱ्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

न्यूयॉर्कला उतरल्यावर आईबाबांना व्हीलचेअरसाठी ताटकळावं लागलं, बाबांचे पाय सुजले, हे वाचून वाईट वाटलं. त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

पण ‘मुद्दाम लांबच्या मार्गाचं विमान गळ्यात मारलं’ हे वाक्य फार लागलं. आपला हिशोब असा, की मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, विमान ताशी ९००, म्हणजे चौदा तास. मग सोळा कसे लागले? सर, साडेबारा हजार हे नकाशावरचं सर्वांत जवळचं अंतर. ती रेघ पाकिस्तानवरून जाते, आणि २४ एप्रिल २०२५ पासून त्यांनी भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली. वळसा आला तो तिथे. शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि विमानं रांगेत उभी राहतात. तो वेळही त्यातच धरलेला.

आणि वारा! दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर विचारूच नका. आईबाबा गेले जानेवारीत. जाताना वारा अंगावर, येताना पाठीवर. म्हणून परतीला तेच अंतर चौदा तासांच्या आसपास झालं. त्या वाचलेल्या दोन तासांचा अभिप्रायात उल्लेख नाही. असो.

विमान वळसा घालून गेलं म्हणून आम्हाला एक रुपयाही जास्त मिळत नाही. उलट दुबईमार्गे स्वस्त पडेल, मध्ये पाय मोकळे होतील, असं आमच्या मिसेसनी आपल्याला दोनदा सांगितलं होतं. ‘मध्ये उतरायचं नाही, डायरेक्टच पाहिजे’ हे आपले शब्द. सोळा तास तिकिटावर छापलेले होते. आपण मात्र सुटायची रात्रीची एकची आणि पोचायची सकाळची साडेसहाची वेळ पाहून ‘साडेपाच तासांत कसं?’ म्हणून रात्री अकराला फोन केलात. तेव्हाही जानेवारीत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, हे न कंटाळता समजावलं.

यापुढे ज्येष्ठ प्रवाशांच्या तिकिटासोबत वेळांची मराठीत चिठ्ठी द्यायचा विचार आहे. व्हीलचेअरचंही विमान कंपनीकडे अजून नेटाने बघू.

आमची एजन्सी लहान आहे, दोघंच सांभाळतो. मे महिन्याची बुकिंगं आत्ताच येतात आणि लोक तारे बघूनच फोन करतात. एका ताऱ्याचा फेरविचार झाला तर बघा. आईबाबांना नमस्कार सांगा.