हनुवटी किंचित खाली

एरवी आपण हात कुठे ठेवतो, मान किती वाकडी करतो याचा माणसाला पत्ता नसतो. पण स्टुडिओतल्या गोल स्टुलावर टेकताच आपल्याला दोन हात आहेत आणि ते दोन्ही अनावश्यक आहेत, हे त्याच्या प्रथमच ध्यानात येते. माझी साठी झाली तेव्हा ‘एक तरी बरा फोटो असू दे’ असे सौभाग्यवतींनी फर्मावले (त्यामागचा दूरदर्शी विचार मी खोदून विचारला नाही) आणि मी टिळक रस्त्यालगतच्या एका स्टुडिओत दाखल झालो.

आजवरच्या छायाचित्रकारांनी मला ‘स्माइल प्लीज’ म्हणून घाबरवले होते. द्युशेन नावाच्या फ्रेंच वैद्याने १८६२ सालीच लिहून ठेवले आहे की, ओठांचे कोपरे हुकमासरशी वर जातात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू मनापासून आनंद झाल्याखेरीज आवळत नाही. म्हणूनच माझ्या प्रत्येक फोटोत तोंड लग्नाला आलेले आणि डोळे दहाव्याला आलेले दिसतात.

या चाळिशीच्या गृहस्थांनी मात्र हसण्याचा विषयच काढला नाही. ‘काका, बसा निवांत, मला अजून दिवे लावायचेत,’ असे म्हणून ते पांढऱ्या छत्रीशी खुडबुड करत राहिले. वास्तविक दिवे केव्हाच लागले होते. मध्येच येऊन त्यांनी माझी कॉलर सरळ केली, ‘हनुवटी किंचित खाली’ एवढेच पुटपुटले आणि कॅमेऱ्यामागे जाता जाता अगदी सहज विचारले, ‘काका, शनिवारवाडा शिवाजी महाराजांनीच बांधला ना?’

सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या माणसाने हे ऐकून घ्यायचे? ‘अहो, काय बोलता! १७३० साली थोरल्या बाजीरावांनी पाया घातला त्याचा! महाराजांना जाऊन तेव्हा पन्नास वर्षे होत आली होती!’ येथवर येईतो माझे शरीर पुढे झुकले होते, निरुपयोगी हातांपैकी एकाची तर्जनी हवेत गेली होती आणि समोरच्याचे अज्ञान पाहून होणारा तो निखळ, सात्त्विक आनंद थेट डोळ्यांपर्यंत पोहोचला होता. तेवढ्यात क्लिक झाले. ‘असं होय!’ ते गृहस्थ नम्रपणे म्हणाले, ‘आणि खर्च किती आला असेल हो?’ मी ‘सोळा हजार एकशे दहा रुपये’ असे सांगेपर्यंत आणखी चार फोटो निघाले होते.

१९४१ साली ऑटावा येथे यूसुफ कार्श या छायाचित्रकाराने चर्चिलसाहेबांच्या तोंडातला चिरूट अचानक काढून घेतला आणि पुढच्या क्षणी टिपलेली ती त्रासिक मुद्रा जगभर गाजली. पुण्यात एवढे धाडस करण्याचे कारण नाही. येथे गिऱ्हाइकाच्या तोंडचे काही काढून घ्यायचे नसते. त्याला एक ढळढळीत चूक तेवढी हाती द्यायची असते. इतिहासाचे एवढे अज्ञान जोपासायला किती व्यासंग लागत असेल, या विचाराने माझा त्यांच्याविषयीचा आदर दुणावला.

पैसे देण्यासाठी मी बाहेर थांबलो होतो, तेव्हा आत एक नऊवारीतल्या आजी कमालीच्या ताठ बसलेल्या पडद्याच्या फटीतून दिसत होत्या.

‘आजी,’ तोच निरागस आवाज आला, ‘आमटीत गूळ घालतच नाहीत ना?’

‘कोणी सांगितलं रे तुला हे?’ आजी कडाडल्या, आणि पाठोपाठ क्लिक, क्लिक, क्लिक.