‘रन’चे ६४५ अर्थ पाठ करण्यापूर्वी

‘इंग्रजीची कमाल’ अशा मथळ्याचा एक संदेश मोबाइलवरून फिरत असतो आणि थोडा काळ थांबून पुन्हा नव्याने अवतरतो. त्यातील दावे असे: ‘रन’ या एवढ्याशा शब्दाला ६४५ अर्थ आहेत; ते शोधायला शास्त्रज्ञांना नऊ महिने लागले; जगातील दुसऱ्या कोणत्याही भाषेत असा शब्द नाही; म्हणून इंग्रजी ही सर्वांत समृद्ध भाषा होय; आणि रोज दहा अर्थ पाठ केले तर दोन महिन्यांत इंग्रजी हातचा मळ होईल. असल्या मजकुराकडे एरवी दुर्लक्षच करावे. परंतु परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने त्याखालची यादी वहीत उतरवून घेतली आणि ती खरोखरच घोकू लागली, तेव्हा गप्प बसणे जमले नाही.

शेवटचा दावा सर्वांत घातक असल्यामुळे आधी तोच घेतो. वहीत ‘रन म्हणजे चालवणे’ आणि ‘रन म्हणजे चालू असणे’ अशा दोन ओळी होत्या, आणि त्यांच्या आधारे तिने ‘शी रन्स अ स्कूटर’ व ‘द मीटिंग इज रनिंग’ अशी दोन वाक्ये रचली होती. यादीप्रमाणे दोन्ही बिनचूक, इंग्रजीप्रमाणे दोन्ही चुकीची. आपण मराठीत दुकान चालवतो, यंत्र चालवतो आणि स्कूटरही चालवतो. इंग्रजीत ‘रन’ पहिल्या दोहोंना चालतो, तिसरीसाठी मात्र ‘राइड’ म्हणावे लागते. त्यातही गंमत अशी की ‘रन अ कार’ हा प्रयोग इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ गाडी हाकणे असा नसून गाडी पोसणे, म्हणजे तिचे इंधन, विमा आणि दुरुस्ती यांचा खर्च झेपणे, असा आहे. तीच गोष्ट ‘चालू असणे’ची. नळ, इंजिन आणि नाटकाचे प्रयोग यांच्या बाबतीत ‘रनिंग’ शोभते, सभा पाचपर्यंत ‘रन’ होईल असेही म्हणता येते, पण सभा आत्ता चालू आहे हे सांगायला तो शब्द कोणी वापरत नाही. यादीत दिलेला प्रत्येक मराठी प्रतिशब्द स्वतःच अनेकार्थी असतो आणि त्याचे अर्थ ‘रन’च्या अर्थांवर तंतोतंत बसत नाहीत. त्यामुळे यादी जितकी लांब, तितक्या चुका करायला जागा अधिक.

शिवाय हे अर्थ एकमेकांपासून सुटे नसतात. नदी वाहते, नाक गळते, धुताना कापडाचा रंग उतरून दुसऱ्या कापडाला लागतो, बस ठरलेल्या मार्गावर जा-ये करते, करार अमुक तारखेपर्यंत लागू राहतो, संगणकावर प्रोग्रॅम चालतो. या सगळ्यांच्या मुळाशी एका वाटेने न थांबता पुढे जाण्याची एकच कल्पना आहे. ती कल्पना मनात पक्की झाली की नवा प्रयोग समोर आल्यावर निम्मा अर्थ संदर्भानेच लागतो. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे एखादी वस्तू संपणे, अशी काही जोडक्रियापदे वेगळी लक्षात ठेवावी लागतात हे खरे, पण तीही वाक्यासकट. क्रमांक घालून नव्हे.

आता त्या ६४५ या आकड्याकडे वळू. तो हवेतून आलेला नाही, एवढे नाइलाजाने मान्य करावे लागेल. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीतील ‘रन’ या क्रियापदाच्या नोंदीचा तो आकडा आहे; कोशकार पीटर गिलिव्हर यांनी ती नोंद नव्याने लिहिली आणि त्यांना सुमारे नऊ महिने लागले, हेही खरे. परंतु ते शास्त्रज्ञ नव्हेत, कोशकार आहेत, आणि अर्थांचा ‘शोध’ त्यांनी लावलेला नाही. शतकानुशतकांच्या लेखनातील उदाहरणे लावून त्यांनी त्यांची वर्गवारी केली. हा कोश ऐतिहासिक तत्त्वावर रचलेला आहे. कधीकाळी वापरात असलेला आणि आज पूर्ण मेलेला अर्थही त्यातून काढून टाकला जात नाही, अगदी बारीक छटेलाही वेगळा क्रमांक मिळतो, आणि वाक्प्रचार व जोडक्रियापदे यांचेही स्वतंत्र विभाग असतात. म्हणजे आज कोणी उच्चारत नाही असे प्रयोगही त्या आकड्यात आहेत. जाता जाता, हा आकडा केवळ क्रियापदाचा आहे. क्रिकेटमधील धाव हे नाम असल्याने ती त्यात येतच नाही, आणि संदेशातील यादीत पहिला क्रमांक नेमका तिचाच आहे!

अर्थ किती, हे कोण मोजतो यावरही अवलंबून असते. प्रिन्स्टन विद्यापीठात तयार झालेल्या ‘वर्डनेट’ या शब्दसंग्रहात ‘रन’ या क्रियापदाचे ४१ अर्थ दिले आहेत आणि ‘ब्रेक’चे ५९. तिथे ‘रन’ पहिलासुद्धा येत नाही. एकच शब्द एका ठिकाणी ६४५ आणि दुसऱ्या ठिकाणी ४१, याचा अर्थ कोणी तरी खोटे बोलतो आहे असा नाही. अर्थांच्या सीमा कोशकार आपापल्या गरजेप्रमाणे आखतात, इतकाच तो आहे.

दुसऱ्या कोणत्याही भाषेत असा शब्द नाही, हा दावा मराठी माणसे मराठीतून एकमेकांना पाठवतात, याला काय म्हणावे? भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, दार लागते, निकाल लागतो, नाद लागतो, छडा लागतो, डोळा लागतो, पाणी खारट लागते, मूल बोलू लागते आणि आपल्याला कामाला जावे लागते. या प्रत्येक ‘लागणे’साठी इंग्रजीत एकच क्रियापद कोणी शोधून दाखवावे. पडणे, घालणे, मारणे, काढणे यांचीही तीच कथा. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज किंग्सली झिफ यांनी १९४५ मध्येच मांडले होते की शब्द जितका अधिक वापरात, तितके त्याचे अर्थ अधिक. ‘रन’ला अर्थ अनेक आहेत ते इंग्रजीच्या थोरवीमुळे नव्हे, तर तो रोजच्या तोंडातला शब्द असल्यामुळे.

समृद्धीच्या दाव्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. एकाच शब्दावर शेकडो कामे टाकावी लागणे ही श्रीमंती मानायची, तर तोच संदेश पुढे इंग्रजीत लाखो शब्द असल्याचाही डांगोरा कशासाठी पिटतो?

राहता राहिला ‘सर्वाधिक अर्थांचा शब्द’ हा किताब. ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो ‘सेट’कडे होता, त्याची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची आणि ४३० हून अधिक अर्थांची होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी सुधारण्याचे काम सुरू झाले आणि २००० पासून त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. सुरुवात ‘ए’पासून नव्हे, तर ‘एम’पासून झाली. त्यामुळे प्रथम ‘मेक’ची नोंद सर्वांत लांब ठरली, २००७ मध्ये ‘पुट’ची, आणि २०११ मध्ये ‘रन’ची. ‘सेट’ मागे पडला तो जुन्या मोजणीवर, कारण ‘रन’ची नोंद त्याच्या आधी सुधारून झाली होती.