स्कॅन केला म्हणून बाँड रद्दीत घालू नका

गेल्या मंगळवारी बारामतीहून भाचीचा फोन आला. "मामा, दोन पोती भरून ठेवलीत. रद्दीवाला परवा येतोय, देऊन टाकू ना?" सासरे थकल्यावर तिने स्वतःचा एजन्सी कोड घेऊन त्यांचं विम्याचं काम चालवायला घेतलंय, त्याला वर्षही झालेलं नाही. पोत्यांत होत्या सासऱ्यांच्या पंचवीस वर्षांच्या फायली; त्यांत ग्राहकांचे बाँड, म्हणजे पॉलिसीचे मूळ छापील कागदही. का देतेस विचारलं, तर तिने एक मेसेज पाठवला. आमच्या एजंटांच्या ग्रुपवरही तो फिरतोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: १ एप्रिल २०२४ पासून कागदी पॉलिसी कायद्याने बाद झाल्या. ग्राहकांचे सगळे कागद डॉक्युमेंट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये चढवा आणि मूळ कागद नष्ट करा. यापुढे स्कॅन हाच मूळ दस्तऐवज. ऑफिसभर एकच लॉगिन ठेवा, क्लेम दोन मिनिटांत लागेल.

तारीख तेवढी खरी आहे. त्या दिवसापासून कंपन्यांनी पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यायची, असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, नियम आहे. पण तो पॉलिसी देणाऱ्या कंपनीसाठी आहे. २००४ साली छापलेला बाँड रद्द झाला, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. जुनी पॉलिसी इलेक्ट्रॉनिक करायची असेल तर विमाधारकाने ई-विमा खातं उघडावं आणि रिपॉझिटरीमार्फत, म्हणजे पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सांभाळणाऱ्या संस्थेमार्फत, कंपनीकडून ती रूपांतरित करून घ्यावी. खातं फुकट उघडतं. एजंटाने मोबाईलवर फोटो काढणं म्हणजे रूपांतर नव्हे.

आता 'स्कॅन हाच मूळ दस्तऐवज'. हे वाक्य कुठून उचललंय ते माझ्या लक्षात आलं. डिजिलॉकरसाठी २०१६ चे नियम आहेत, त्यांत २०१७ मध्ये ९अ हा नियम घातला गेला. डिजिलॉकरमध्ये आलेला दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचा मानावा, असं तो सांगतो. पण कोणता दस्तऐवज? देणाऱ्या संस्थेने स्वतः तिथे 'इश्यू' केलेला. आपण स्कॅन करून 'अपलोड' केलेल्याला ही बरोबरी नाही. सरकारच्या लॉकरमध्येही आपण चढवलेला स्कॅन मूळ ठरत नसेल, तर एका खासगी सॉफ्टवेअरमध्ये तो कसा ठरेल? प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते कोण देणार, स्कॅन करायला बसवलेला मुलगा?

आणि 'मूळ कागद नष्ट करा'. माझा खरा संताप यावर आहे.

बुधवारी सकाळच्या एसटीने मी बारामतीला गेलो आणि पोतं उपसलं. आठव्या-नवव्या फायलीत, पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात २००४ चा एक बाँड निघाला. पुढचं पान सॉफ्टवेअरमध्ये होतं, अगदी स्वच्छ. नॉमिनी म्हणून विमाधारकाच्या वडिलांचं नाव. मी बाँड उलटा केला. मागे जांभळ्या शाईत तीन नोंदी होत्या. २००८ मध्ये कर्जापोटी एका पतसंस्थेच्या नावे असाइनमेंट, म्हणजे पॉलिसीचा हक्क तिच्याकडे सोपवल्याची नोंद. २०११ मध्ये कर्ज फिटल्यावर पॉलिसी परत विमाधारकाच्या नावे. त्याखाली नवं नॉमिनेशन, बायकोच्या नावाने. हे मागचं पान स्कॅनच झालेलं नव्हतं.

त्या काळी असाइनमेंट झाली की आधीचं नॉमिनेशन आपोआप रद्द व्हायचं. पॉलिसी परत नावावर आली की नॉमिनी नव्याने नोंदवावा लागे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ते आपोआप पुन्हा लागू होतं, पण हा बाँड त्याच्या आधीचा. विमा कायद्याच्या कलम ३८ आणि ३९ प्रमाणे या नोंदी पॉलिसीच्या कागदावरच करता येतात, आणि आपल्याकडे जुन्या बाँडांवर त्या मागच्या बाजूलाच असतात. भाचीकडे चौकशी केली. ते वडील केव्हाच वारलेत. म्हणजे उद्या काही झालं असतं, तर तिचं सॉफ्टवेअर तिला एका मयत माणसाचं नाव दाखवत बसलं असतं आणि खरी नोंद रद्दीत गेली असती.

कंपनीच्या रेकॉर्डला ती नोंद असेलच, असं कुणी म्हणेल. असायलाच हवी. पण शाखेत नोंद चढवायची राहून गेलेली प्रकरणं मी निस्तरली आहेत, आणि प्रत्येक वेळी हातात बाँड होता म्हणूनच ती निस्तरली.

प्रपोजल फॉर्मच्या, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जाच्या, झेरॉक्सचंही तेच. पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाला तर कंपनी कलम ४५ खाली माहिती दडवल्याचा प्रश्न काढू शकते. 'मधुमेह आहे' असं फॉर्ममध्ये लिहून दिलं होतं, हे विधवेने कशावरून दाखवायचं? दोन मिनिटांत क्लेम लावून देणाऱ्या मेसेजात प्रपोजलचा शब्दही नाही.

एकच लॉगिन? लोकांचे आधार, पॅन, मेडिकल रिपोर्ट, बँकेचे तपशील आणि सगळ्या ऑफिसला एक पासवर्ड. काम सोडून गेलेल्या पोरालाही तो पाठ असतो. यावर जास्त लिहायची गरज नाही.

सॉफ्टवेअर घेऊच नका, असं मी म्हणत नाही. हप्त्याच्या तारखा, मॅच्युरिटीची यादी, नावावरून पॉलिसी नंबर शोधणं, यात माझे तासन् तास वाचतात. भाचीनेही ते ठेवावं. फक्त दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात, आणि मूळ बाँड ज्याचा त्याला परत द्यावा. तो एजंटाच्या कपाटात राहणं हीच मुळात आपली जुनी चूक.

दोन्ही पोती परत घरात घेतली. एकंदर एकेचाळीस बाँड निघाले. रविवारपर्यंत अकरा जण वहीत सही करून आपापला बाँड घेऊन गेले. त्या २००४ च्या बाँडवाल्यांचा फोन लागत नाही, म्हणून या शनिवारी भाची आणि मी त्यांच्या गावी जाणार आहोत.