एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : टाकी धुतली, मग पाणी गढूळ का?

नमस्कार मॅडम,

तुमच्या एका स्टारमागची कारणं तुम्ही स्पष्ट लिहिली आहेत. आम्ही तुमच्या सोसायटीची टाकी धुऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच शुक्रवारी सकाळी नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं. टाकी धुताना आमच्या माणसांनी दिवसभर पाणी बंद ठेवलं आणि ‘चांगलं पाणी गटारात सोडलं’. शेजारच्या सोसायटीत आहे तसा मोठा फिल्टर मागितला, तर आम्ही ‘नुसते प्रश्न विचारत बसलो’. सोबत तीन फोटो आहेत : बादलीचा, प्युरिफायरच्या तपकिरी कँडलचा आणि बाथरूमच्या नळाच्या जाळीतल्या पांढऱ्या खड्यांचा. तुमच्या ग्रुपवर हे सगळं फिरतंय असं कळलं, म्हणून उत्तरही सगळ्यांना वाचता येईल असं इथेच देतो. जरा लांबेल.

आधी शुक्रवार. पुण्यात महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते तो वार बहुतेक वेळा गुरुवार, आणि ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ हे वाक्य आपल्याला पाठ झालेलं आहे. लाइन रिकामी होते तेव्हा जिथे सांधा गळका असेल तिथून बाहेरचं चिखलपाणी आत शिरू शकतं. पुन्हा पाणी सोडलं की पाइपच्या तळाशी बसलेला गाळ आणि गंज पहिल्या लोंढ्याबरोबर निघतो. तो पहिला लोंढा थेट तुमच्या खालच्या टाकीत येतो. ज्या सोसायट्या शुक्रवारचं पहिलं पाणी टाकीत न घेता थोडा वेळ बाहेर, झाडांना सोडतात, त्यांच्याकडून अशा तक्रारी कमी येतात.

तुमच्याकडे त्यात टँकरची भर आहे. महापालिका, बोअर आणि टँकर, तिन्हींचं पाणी एकाच टाकीत. वॉचमनच्या वहीत गुरुवारी संध्याकाळी टँकर आल्याची नोंद आहे. तुमच्या सेक्रेटरींनीच ते पान पाठवलं. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये लिटरमागे २०० मिलिग्रॅम गाळ धरला, तर एका टँकरमधून दोन किलो माती तुमच्या टाकीत उतरते. उन्हाळ्यात रोज दोन टँकर म्हणजे पंधरा दिवसांत साठ किलो. लिटरमागे २०० मिलिग्रॅम हा आकडा हिशेबासाठी घेतला आहे, तुमच्या टँकरचा खरा आकडा तपासल्यावरच कळेल. पण धुतलेली टाकी पंधरा दिवसांत पुन्हा गढूळ कशी होते, याचा अंदाज यायला तेवढा पुरे. आम्ही साठलेला गाळ काढतो. येणारा गाळ टाकी धुऊन थांबत नाही, आणि हे कोटेशनमध्ये लिहिलेलं होतं.

माझ्या मते तुमच्या टाकीचं खरं दुखणं वेगळंच आहे, आणि ते सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होण्यासारखं आहे. टँकरचा पाइप ज्या झाकणातून आत सोडतात, त्याच्याच खाली पंपाचा फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप) आहे, आणि तो तळाला जवळजवळ टेकलेला. टँकर पंधरा-वीस मिनिटांत रिकामा होतो. त्या धबधब्याने तळाचा गाळ ढवळून निघतो. वरची टाकी त्या वेळी अर्धी असेल, तर ऑटोमॅटिक पंप लगेच सुरू होतो आणि ढवळलेलं पाणी ओढून वर नेतो. तिथून ते तुमच्या नळाला.

गाळ खाली बसायला किती वेळ लागतो, हे त्याच्या कणावर ठरतं. ०.१ मिलिमीटरची बारीक वाळू एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटं घेते. ०.०१ मिलिमीटरचा कण तेवढ्याच अंतराला तीन तास घेतो. आणि ०.००१ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण, पाणी अगदी स्तब्ध असलं तरी, बारा-तेरा दिवस. कण दहापट लहान झाला की वेळ शंभरपट वाढतो. म्हणून रात्री टँकर घ्यावा, पंप मॅन्युअलवर टाकावा आणि पहाटे वर पाणी चढवावं. गाळाचा बराचसा भाग तेवढ्यात खाली बसतो. फूट व्हॉल्व्ह तळापासून नऊ इंच वर घ्या आणि टँकरचा पाइप दुसऱ्या टोकाच्या झाकणातून सोडा. हे तुमचा नेहमीचा प्लंबरही करू शकतो, आम्हालाच बोलवा असं नाही. तळाचं नऊ इंच पाणी वापरात येणार नाही, ही किंमत मात्र मोजावी लागेल. कमिटीत यावरून वाद होईल हेही मला माहीत आहे.

चिकणमाती यानेही जाणार नाही. तिचे कण एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून तरंगत राहतात. तुरटी ते कण एकत्र आणून त्यांचे गोळे करते, मग ते बसतात. महापालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातही हेच तत्त्व चालतं. मुठेच्या खोऱ्यात पहिले मोठे पाऊस झाले की खडकवासल्यात गढूळ पाणी येतं आणि त्या दिवसांत या केंद्रांवर ताण वाढतो. पण सोसायटीच्या टाकीत अंदाजाने तुरटी टाकू नका. घरातल्या पिंपात फिरवणं वेगळं, पन्नास हजार लिटरचं प्रमाण काढणं वेगळं.

आता ‘चांगलं पाणी गटारात’. आदल्या दिवशी टाकी वापरून खाली आणा, अशी लेखी सूचना आम्ही दिली होती आणि कमिटीने ती पाळलीही. शेवटी उरलं होतं ते फूटभर, त्यातला खालचा भाग नुसता राड. वरचं निवळ आम्ही बागेत सोडलं. दिवस लागला त्याची दोन कारणं. टाकीला दोन कप्पे आहेत, पण मधला व्हॉल्व्ह जाम आहे, त्यामुळे एक धुताना दुसरा चालू ठेवता येईना. दुसरं म्हणजे झाकणं उघडून, ब्लोअर लावून, हवा खेळती झाल्याशिवाय मी माझ्या माणसाला बंद टाकीत उतरवत नाही. दोरी आणि वर एक माणूस, हे त्यानंतर. पेट्रोलचा पंप तर आत कधीच नाही. त्याच्या धुरात माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. ‘दुसरे लोक दोन तासांत करतात’ असं तुम्ही लिहिलंय. करत असतील. या एका बाबतीत माझ्याकडे घासाघीस होत नाही.

फोटोंकडे येतो. तपकिरी कँडल बघून प्युरिफायरवाल्याने टाकी धुतलीच नाही असं सांगितलं, हे वाचून मला गंमत वाटली. फोटोत कँडलवर बसवल्याची तारीख दिसते, ती आमच्या कामाच्या तीन महिने आधीची आहे. जुन्या गाळाचा पुरावा म्हणून ती उत्तम. नवी बसवा आणि महिन्याने बघा.

पांढऱ्या खड्यांचा गाळाशी संबंध नाही. ते गरम पाण्याच्या नळालाच येतात का, ते पाहा. तसं असेल तर तो बोअरच्या पाण्यातला क्षार. पाणी तापलं की तो गीझरमध्ये धरतो आणि पापुद्रे सुटून जाळीत अडकतात. लिंबाचा रस टाका. फसफसलं तर शंका उरत नाही. काळे कण सापडले आणि बोटावर शाईसारखे पसरले, तर बहुधा वॉशर किंवा फ्लेक्झिबल पाइपचं झिजलेलं रबर. लालसर कण जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) जुन्या लाइनचे; अशातले काही चुंबकाला चिकटतात.

फिल्टरबद्दल प्रश्न विचारत बसलो ते यासाठी. शेजारची ती निळी टाकी मी पाहिली आहे. तो सॉफ्टनर आहे, क्षारासाठी. त्यात तुमचं टँकरचं पाणी सोडलं तर आतल्या रेझिनवर (क्षार धरणाऱ्या बारीक मण्यांवर) माती बसेल आणि पैसे जातील. मेन लाइनवर ५ मायक्रॉनचं (०.००५ मिलिमीटरपर्यंतचे कण अडवणारं) गाळणीचं कार्ट्रिज लावलं तर या पाण्याने ते फार लवकर तुंबेल. मग प्रेशर नाही म्हणून कोणीतरी कार्ट्रिज काढून रिकामं भांडं तसंच ठेवेल. असली भांडी मी कितीतरी गच्च्यांवर पाहिली आहेत. तुम्हाला कदाचित खालच्या आणि वरच्या टाकीच्या मध्ये वाळूचा फिल्टर लागेल. पण त्याला नियमित बॅकवॉश हवा, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुवावी लागते, त्याला पाणी लागतं, आणि तो करणारा माणूस ठरलेला हवा. हे ठरल्याशिवाय मी तो विकला असता, तर पुढचा एक स्टार खरंच माझ्या नावावर लागला असता.

आणखी एक, कारण तुमच्याकडे लहान मूल आहे असं लिहिलंय. स्वच्छ दिसणारं पाणी सुरक्षित असतंच असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हापासून लोक क्लोरीनबद्दल विचारू लागले, हे चांगलंच झालं. पण गढूळ पाण्यात क्लोरीनचं काम अर्धवट होतं. मातीच्या कणांआड जंतू लपतात. त्या शुक्रवारसारखं पाणी आलं तर ते निवळून, गाळून, खळखळून उकळा.

आयएस १०५०० या २०१२ च्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या गढूळपणाची मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) आहे; दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतं. एकूण काठिण्याची, म्हणजे क्षारांमुळे येणाऱ्या जडपणाची, मर्यादा लिटरमागे २००, आणि तशीच अडचण असेल तर ६०० मिलिग्रॅम. तिन्ही पाण्यांचे नमुने वेगवेगळे तपासा, टाकीतलं मिसळलेलं नको. टँकरच्या पाण्याचा अहवाल टँकरवाल्याकडे मागा, आणि त्याने खांदे उडवले तर दुसरा टँकर बघा.

स्टार बदला असं मी म्हणणार नाही. येत्या गुरुवारी टँकर आला की त्याच्या पाइपाखाली एक बाटली भरा, शुक्रवारी नळाची एक. दोन्हींवर तारीख लिहून वॉचमनकडे ठेवा. शनिवारी आमचा माणूस त्या भागात आहे, तो घेऊन जाईल. तपासणीचे पैसे नाहीत. अहवाल कमिटीबरोबर तुम्हालाही पाठवतो.