कोणाचे दूध, हा माझाच प्रश्न होता

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आमच्या सुनेला तिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या, सिझेरियन झाले आणि नातू जन्मला तो १,२२० ग्रॅम वजनाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी संमतीपत्र पुढे केले. आईला दूध उतरेपर्यंत बाळाला मिल्क बँकेतले दूध नळीने द्यायचे होते. मुलगा सही करायला वाकला आणि मी विचारले, "कोणाचं दूध?" पाठोपाठ हेही म्हणाले, की त्यापेक्षा डब्याचे काय वाईट?

पहिल्या प्रश्नाची मला नंतर लाज वाटली, पण पूर्ण नाही. शंभूराजांची गोष्ट सांगताना कापूरहोळच्या धाराऊचे नाव आपण आदराने घेतो, तिच्या मुलांना राजांचे दूधभाऊ म्हणतो. तेव्हा दुसरीचे दूध आपल्याला वर्ज्य होते असे नाही. मात्र धाराऊला चेहरा होता, गाव होते. बँकेच्या बाटलीवर नुसता क्रमांक आणि तारीख असते, आणि त्या क्रमांकामागे काय काय घडलेले असते हे मला बऱ्याच उशिरा कळले. दूध देणारी बाई बहुधा आपल्या बाळाला पुरून उरलेले दूध देते. तिची प्रकृती, औषधे, व्यसने यांची विचारपूस होते. एचआयव्ही, हिपॅटायटिस आणि सिफिलिससाठी रक्त तपासतात. जमलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून झटकन गार करतात, नमुना जंतूंच्या तपासणीला जातो, आणि अहवाल चांगला आला तरच उणे २० अंशांवर गोठवून ठेवलेले ते दूध एखाद्या बाळाच्या वाट्याला येते.

डब्याच्या दुधाविषयी डॉक्टरांनी उभ्याउभ्याच सांगितले, पण नेमके सांगितले. त्या दुधावर वजन अधिक वेगाने वाढते, हे त्यांनी नाकारले नाही. परंतु इतक्या कोवळ्या आतड्याला सूज येऊन ते सडू लागण्याचा जो जीवघेणा आजार असतो, त्याचा धोका बँकेतल्या दुधाच्या तुलनेत डब्याच्या दुधाने जवळजवळ दुप्पट होतो. त्यावर मी गप्प बसले आणि मुलाने सही केली.

माझी खरी तक्रार त्या सहीच्या पुढची आहे, आणि ती बडोद्यातल्या त्या रुग्णालयाचे नाव न घेता मांडते. बाळ तळमजल्यावर काचेच्या पेटीत आणि सून दुसऱ्या मजल्यावर, अशा स्थितीत तिचे स्वतःचे दूध काढायला हवे, असे तिला पहिले दोन दिवस कोणीही सांगितले नाही. जो तो म्हणे, बँकेतून मिळते आहे ना, तुम्ही आराम करा. मीही तेच म्हटले आणि डिंकाचे लाडू वळायला डांडिया बाजारातल्या घरी निघून आले. रुग्णालयात परत येताना घरातले चांदीचे बोंडले धुऊन पिशवीत घातले होते. चौतीस आठवड्यांच्या आतल्या बाळाला बहुधा चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळच घालता येत नाही, हे मला कुठे ठाऊक होते!

तिसऱ्या रात्री एक सिस्टर वर आल्या आणि त्यांनी मला गुजरातीतच विचारले, "मासी, कोईए बेननुं दूध काढ्युं?" मग त्या खाटेच्या कडेला बसल्या, बोटे आधी छातीकडे मागे दाबायची आणि मग एकमेकांकडे आणायची, हे त्यांनी सुनेच्या हाताला हात लावून दाखवले. वीस मिनिटांनी स्टीलच्या वाटीच्या तळाला हळदीच्या पाण्यासारखा थोडा चीक जमला, अर्धा चमचाही नसेल. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये तो ओढून त्या खाली गेल्या आणि त्यातले दोन थेंब त्यांनी बाळाच्या दोन्ही गालांच्या आत लावले.

तापवल्यावर दुधातल्या जिवंत पेशी मरतात, चरबी पचवणारे लायपेज नष्ट होते आणि प्रतिपिंडांचाही काही भाग जातो. शिवाय बँकेत दूध देणाऱ्या बायका बहुतेक पूर्ण दिवस भरून बाळंत झालेल्या असतात, तर दिवस भरण्याआधी बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीचे काही आठवडे प्रथिने अधिक असतात. म्हणून बँकेतले दूध हे आईचे दूध येईपर्यंतचे आहे. आणि ते येण्यासाठी पहिल्या काही तासांतच काढायला सुरुवात करून दिवसातून आठेक वेळा, रात्रीसुद्धा, काढत राहावे लागते. काढल्याशिवाय नवे दूध उतरत नाही, आणि हातचे गेलेले पहिले दिवस भरून काढणे फार अवघड जाते.

डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईत सायनच्या रुग्णालयात आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली. पुढे २०१७ साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा या केंद्रांना 'लॅक्टेशन मॅनेजमेंट सेंटर', म्हणजे स्तनपान व्यवस्थापन केंद्र, असे बोजड नाव दिले. नाव बोजड असले तरी मला ते पटते, कारण त्यात आधी आई येते आणि मग फ्रीज. मे २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने, मानवी दुधाची विक्री करता येणार नाही असे बजावले, तेही मला याच कारणासाठी योग्य वाटते. बाटलीमागे पैसे मिळू लागले, तर आईला दूध काढायला बसवण्याची घाई कोणाला असणार?

नवव्या दिवशी आमच्या बाळाची बँकेतली बाटली बंद झाली. त्या सिस्टरांची नेमणूक मुळात या कामासाठी नव्हतीच. रात्रपाळीच्या धबडग्यातून वेळ काढून त्या वर येत. चार दिवसांनी त्यांची पाळी बदलली, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईला दूध काढायला आमच्या सुनेने शिकवले.