नरनाळ्यावरून दिसलेला धुरा

आज सकाळपासून हा चौथा फोन. मी उचलत नाही. उचलला की पलीकडून रामराम नाही, नमस्कार नाही, थेट मुद्दा. "भाऊ, थो फोटो हाये ना? डिलीट त नाई मारला?"

नरनाळा किल्ल्यावर मी गेलो होतो खालचा मुलूख डोळे भरून पाहायला. परत आलो तो धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणातला साक्षीदार होऊन.

राखीला बहीण आली, सोबत भाटवे, म्हणजे तिचा नवरा. भाटवे पुण्याचे. दर रविवारी एक किल्ला चढतात. त्यांच्या पँटला सात खिसे आहेत आणि सातव्यात काय असतं हे बहिणीलाही माहीत नाही. जेवताना त्यांनी सहज विचारलं, "दादा, तुमच्याकडे किल्ले आहेत का हो?" आहेत का! जणू आमच्याकडे कोथिंबीर मिळते का, असं विचारत होते. हा घाव जुना आहे. 2025 ला महाराष्ट्रातले 11 किल्ले जागतिक वारसा झाले, त्यात विदर्भातला एकही नाही. ते मराठ्यांचे किल्ले, आमचा नरनाळा बहमनींच्या हातचा, हे मला कळतं. पण कळणं वेगळं, आणि ताटावर बसून भाटव्याकडून ऐकून घेणं वेगळं. म्हटलं, "उद्या सकाळी निघू."

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. किल्ला माझ्या घरापासून तीसेक किलोमीटर, माझं वय 48, आणि मी एकदाही वर गेलेलो नव्हतो. म्हणून रात्री बसून भाषण तयार केलं. किल्ला अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या टोकावर, 900 मीटरच्या वर. मधे नरनाळा, पूर्वेला जाफराबाद, पश्चिमेला तेलियागड. बुरुजावर उभं राहून हात लांब करायचा आणि म्हणायचं, "भाऊजी, हे समोर सगळं वऱ्हाड. तिकडे अडगाव. 29 नोव्हेंबर 1803 ला तिथं इंग्रजांच्या वेलस्लीनं भोसल्यांची फौज मोडली, आणि 15 डिसेंबरला गाविलगड घेतला. हाच वेलस्ली पुढं वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. म्हणजे तालीम आमच्या वावरात झाली." हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणून पाहिलं. बायको म्हणाली, झोपा आता.

फाटकावरच्या माणसानं नावं लिहून घेतली. "वय?" म्हटलं, 48. त्यानं पोटाकडे पाहिलं आणि 58 लिहिलं. मी बोट दाखवलं तर म्हणाला, "राहू द्या ना काका, काय फरक पडते." मग पिशवी तपासली. प्लॅस्टिक चालत नाही म्हणून बिस्किटाचे दोन पुडे काढून घेतले. जंगल आहे, वाघाचं आहे, नियम बरोबरच. बायकोनं दिलेल्या दशम्या आणि ठेचा स्टीलच्या डब्यात होता, म्हणून वाचला. हे प्लॅस्टिकचं लक्षात ठेवा.

वर गाडी जाते. पण भाटवे म्हणाले, किल्ला पायी चढायचा असतो. चढलो. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण बराच वेळ मला त्यांच्या बुटांच्या टाचांपलीकडे काही दिसलं नाही. महाकाली दरवाजाशी मात्र मी थांबलो. पांढऱ्या वाळूच्या दगडाचा दरवाजा, दगडातच कोरलेली कमळं, दोन्ही बाजूंना सज्जे, वर अरबी अक्षरं, पंधराव्या शतकातली. मी त्या कमळांना टेकून उभा राहिलो आणि दहा मिनिटं कोरीव काम पाहिलं. भाटवे म्हणाले, दादांना फार बारकाईनं बघायची आवड दिसते. एका कमळाची तिसरी पाकळी जरा झिजलेली आहे, हे मी आजही शपथेवर सांगू शकतो. दम त्याच पाकळीवर परत आला.

बुरुजावर पोचलो तेव्हा ढग बसले होते. श्रावणात सातपुड्यावर ढग बसतात ते सासरी आलेल्या जवायासारखे, उठायचं नाव नाही. भाटवे पुढच्या टोकाला गेले आणि मी जरा सपाट दगड पाहून टेकलो. शेजारी एक म्हातारा बसलेला, नाव आबाजी. धोतर, डोक्याला दुपट्टा, गुडघ्यावर एक पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, पन्नीत कागद. दुसऱ्या पन्नीत खर्रा, सुपारी-तंबाखूचा. माझे बिस्किटाचे पुडे खाली जप्त होते आणि हा माणूस दोन-दोन पन्न्या घेऊन गडावर बसला होता. त्याचं वय किती लिहिलं असेल कोण जाणे.

"कोन्या गावचे?"

गाव सांगितलं.

"कोनाचे म्हनले?"

वडिलांचं नाव सांगितलं. आजोबांचं सांगितलं. आजोबांच्या मेहुण्यांपाशी गाडी थांबली. आबाजी दुपट्ट्यानं तोंड पुसून म्हणाले, "मंजे सोयरेच निंगाले की तुमी! बरं झालं. बाहेरचा मानूस खरं सांगत नाई."

मला तेव्हाच उठायला पाहिजे होतं.

आबाजींनी पन्नीतून कागद काढला. सातबारा. वर नकाशाची झेरॉक्स, घड्यांवर फाटून तिचे आठ तुकडे झालेले, सेलोटेपनं जोडलेले. ते मांडीवर पसरून त्यांनी खर्रा मळायला घेतला. "वावर खाले हाये, पायथ्याले. शेजाऱ्यानं धुरा कोरला. दोन तास, मंजे नांगराच्या दोन रेघा! दोन तास कोरले, अन् वरून म्हन्ते का आबाजी तुमचंच आंगावर आलं."

"पण मग इथं गडावर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की फाटकावरचा माणूस बरा. "वावरात उभं राहून पायलं त धुरा सरकाच दिसते भाऊ. उभ्या मानसाले वाकडं दिसत नाई. वरतून पाहा लागते. देवाले दिसते तसं."

याला काय उत्तर आहे? मी दशमी पुढं केली. त्यांनी घेतली, ठेचा तिखट नाही म्हणाले.

"आता ढग हटला का पाहा. थे तयं दिसन. तयाच्या डाव्या आंगाले निंबाचं झाड. त्याची सोयाबीन पिवयी पडली यंदा, माई पऱ्हाटी हिरवी. जथं पिवयं संपते तथं निंब पाहिजे. निंबाच्या इकडं पिवयं आलं का नाई, एवढंच सांगा. माये डोये गेले, मोतीबिंदू हाये. मून कोनी भला मानूस येते का पाहत बसलो."

म्हणजे माणूस सकाळपासून चढून बसला होता, स्वतःला काही दिसत नसताना, दुसऱ्याच्या डोळ्यांची वाट पाहत. मला खरं तर दया यायला हवी होती. आली पण. पण त्याच क्षणी मागून भाटव्यांचा आवाज आला, "वा! वा! दादा, बघा!" ढग फाटला होता. मी मान वळवली.

"तिकडं नाई, इकडं!" आबाजींनी माझी हनुवटी धरली. खरंच धरली, चुना लागलेल्या बोटांनी. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा वऱ्हाड वरून दिसत होतं आणि माझी मान एका म्हाताऱ्याच्या चिमटीत. कोपऱ्यातून जेवढं दिसलं तेवढं सांगतो. काळ्या-हिरव्या चौकटी, एकीला एक शिवलेल्या, आजीच्या वाकळीसारख्या. मधूनच एक पांदण, तिच्यावर मुंगीएवढं काहीतरी, बहुतेक ट्रॅक्टर. मग ढग मिटला.

"दिसलं?"

"नाही."

"चष्मा बदला तुमी."

वेळ जावा म्हणून मी भाटव्यांसाठी रचलेलं भाषण आबाजींना ऐकवायला घेतलं. म्हटलं आबाजी, हा किल्ला अहमदशहा बहमनीनं दुरुस्त केला. मग फतहुल्ला इमाद-उल-मुल्क आला, सुभेदार म्हणून. मूळचा विजयनगरकडचा पोरगा, लढाईत कैद होऊन इकडे आला, इथंच वाढला. 1490 च्या सुमारास त्यानं सगळं वऱ्हाडच आपल्या नावावर करून घेतलं, तीच इमादशाही. 1574 ला अहमदनगरच्या निजामशाहानं ते गिळलं. मग 1596 ला चांदबीबीला ते मोगलांना लिहून द्यावं लागलं.

आबाजी मन लावून ऐकत होते. खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात गेला.

"मंग मोजनी कोनं केली होती?"

"कशाची?"

"इतके हात बदलले म्हनता. धुरे कोनं दाखवले? खुणा कोनं गाडल्या?" ते हसले. "नाईच केली. मून त अजून भांडनं चालू हाये."

मग त्यांना नऊगजी तोफेची आठवण झाली. वर कुठंशी तोफ आहे ती. तिचं तोंड कुणीकडे आहे, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. मी विचारलं, का हो? "नाई, आपलं सहज. पिवया सोयाबीनकडं असतं त बरं झालं असतं."

इथं मला हसू यायला पाहिजे. पण धुऱ्याचा विषय निघाला की माझं हसू आटतं. आमच्याही वावराला चुलत भावाचं वावर लागून आहे. माझं बोरीचं झाड धुऱ्यावर होतं, आता त्याच्या तुरीत आहे. झाड काही चालत गेलेलं नाही. मोजणीचे पैसे भरले. मोजणारा आला तो श्रावणात. म्हणाला पीक उभं आहे, मोजणी कशी करू, काढल्यावर या. काढल्यावर गेलो तर म्हणाला यादी मोठी आहे, नंबर लागेल. नंबर लागला तेव्हा पेरणीची घाई. असं करता करता तिसरं वर्ष आहे आणि बोरं चुलत भावाची पोरं खातात. इमादशाहीलाही कुणीतरी विचारणारं होतं, आम्हाला कोण आहे? आणि पुन्हा लोक म्हणतात, गावाकडं किती शांतता असते नाही!

असो. ढग पुन्हा फाटला. या वेळी पूर्ण. आबाजींना ते कळलं कारण चेहऱ्यावर ऊन आलं. "आता!" ते ओरडले. "मोबाईल काढा! मोठं करून पाहा!" मी मोबाईल काढला, झूम केला, अजून केला. पडद्यावर पालकाची पातळ भाजी सांडल्यासारखं दिसत होतं. त्यात तळं कुठलं, निंब कुठला, आणि पिवळं कुठलं? आबाजी कानाशी. "दिसलं? दिसलं? काढा फोटो, काढा लवकर, ढग येते!" मी काढला. एक, दोन, सहा. हात कापत होते, चढण्यामुळं की ओरडण्यामुळं, माहीत नाही. सहावा काढून मान वर केली तेव्हा समोर पांढरंफट्ट. संपलं.

भाटवे आले ते घाम पुसत, तृप्त. "काय व्ह्यू होता दादा! तळं, शेतं, पार क्षितिजापर्यंत. सह्याद्रीत असा नाही बरं का." हे वाक्य ऐकायला मी गडावर आलो होतो. आणि ऐकलं तेव्हा माझ्याकडं बोलायला भाषण उरलं नव्हतं, ते आबाजींना खर्च झालं होतं. "आणि ते 1803 चं काय म्हणत होता तुम्ही गाडीत?" म्हटलं, उतरताना सांगतो. उतरताना गुडघे बोलत होते, मी नाही.

आबाजींनी माझा नंबर घेतला. स्वतः नाही, भाटव्यांकडून. त्यांनी सातव्या खिशातून पेन काढून नकाशाच्या झेरॉक्सवर लिहून दिला. म्हणजे त्या खिशात पेन असतं.

त्यानंतर हे फोन. तहसिलीत तारीख आहे, "सोयरे मून या, जेवन आपल्याकडंच." फोटो फ्रेम करून आणा, असंही एकदा म्हणाले. मी त्यांना सांगितलं की आबाजी, त्यात काहीच दिसत नाही. ते म्हणाले, "नीट पाहा. हिरव्याच्या कडेले पाहा."

काल रात्री बायको झोपल्यावर मी ते सहाही फोटो काढून बसलो. पाचवा जरा स्थिर आलाय. उजव्या कोपऱ्यात एक ठिपका आहे, तो निंब धरायला हरकत नाही. आणि त्याच्या अलीकडे, हिरव्यात घुसलेलं, अगदी बारीक, पिवळं काहीतरी आहे. दोन तासांएवढं. फार तर अडीच.

पुन्हा वाजतोय. उचलतो.