पंचवीस टक्के कशाचे?

परवा दसरा चौकात ओळखीचे एक गृहस्थ भेटले. हातात पेढ्यांचा पुडा. मुलाला पुण्याच्या कुठल्याशा खासगी विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, तोही 'स्कॉलरशिपसह'. मी पेढा तोंडात टाकला, अभिनंदन केलं आणि पुढच्याच क्षणी तोंडातून निघून गेलं, "किती टक्के? आणि कशाचे?" त्यांचा चेहरा असा झाला की पेढा परत मागतात की काय. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, असं विचारतात होय कुणाला, भर चौकात?" विचारत नाहीत, खरंय. पण दोन वर्षांपूर्वी मला कुणीतरी भर चौकात हे विचारायला पाहिजे होतं. म्हणून लिहितोय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, मला धरून तिघंजण. शिरोलीच्या फौंड्रीतली कास्टिंगं मशिनिंगला येतात, त्यावर घर चालतं. रिटर्नवर उत्पन्न साडेसहा लाखांच्या आसपास. म्हणजे सरकारदरबारी आम्ही गरीब नाही आणि बँकेत गेलो की श्रीमंतही नाही. असली घरं कोल्हापुरात गल्लीगल्लीत आहेत.

पोरगा शाळेतून सुटला की वर्कशॉपात यायचा, पण लेथवर उभा राहायचा नाही. बसून वहीत काहीतरी काढायचा. सायकलच्या कॅरियरला लावायचा डबा, आजीसाठी न घसरणारी विळी, असलं काय काय. बारावीत असताना त्याला कळलं की याला डिझाइन म्हणतात आणि ते शिकवतातसुद्धा. पोर्टफोलिओ केला, परीक्षा दिली, मुलाखत दिली. मे २०२४ मध्ये एका खासगी विद्यापीठाचं पत्र आलं. सोनेरी किनार, वर 'अभिनंदन', खाली ठळक अक्षरात: २५ टक्के मेरिट स्कॉलरशिप. आईनं अंबाबाईला ओटी भरली. रंकाळ्यावर भेळ झाली. व्हॉट्सॲपवर सगळ्या भावकीत पत्राचा फोटो फिरला.

पहिल्या पानाचा फोटो. दुसरं पान मी रात्री अकरा वाजता, सगळी झोपल्यावर वाचलं.

टक्के होते फक्त शिक्षण शुल्काचे. तेही पहिल्या वर्षापुरते, पुढे ठरावीक ग्रेड राहिली तर. शुल्क ३,८०,०००. त्यातून ९५,००० वजा, उरले २,८५,०००. वसतिगृह आणि मेस पहिल्या वर्षी सक्तीची, १,६०,०००. अनामत, साहित्य आणि कसली कसली फी मिळून ३०,०००. बेरीज चार लाख पंच्याहत्तर हजार, एका वर्षाची. अशी चार वर्षं, शिवाय दरवर्षीची वाढ, शिवाय लॅपटॉप. जागा पक्की करायला आठ दिवसांत पन्नास हजार.

आणि मी काय केलं? दिवा मालवला. सकाळी पोराला म्हणालो, "तू अभ्यासाचं बघ, पैशाचं मी बघतो."

या वाक्यावर माझा आता राग आहे. आपल्याकडे बापमाणसाचा मोठेपणा या वाक्यात असतो. माझ्या आण्णांनी मला हेच म्हटलं होतं आणि त्यांना ते परवडलं, कारण तेव्हा डिप्लोमाची फी एका म्हशीत भागायची. आता एका म्हशीत लॅपटॉप येतो.

पन्नास हजार भिशीतून भरले. मग मी बँकेत गेलो. अधिकारी गडहिंग्लजकडचे, भले गृहस्थ. त्यांनी सांगितलं, साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्ज विनातारण बसवता येतं, त्याच्यावर गेलं की तारण पाहिजे. तारण म्हणजे घर. घराच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव. वारस नोंद झाली तर आण्णांसह चार भाऊ लागणार, त्यातले एक काका मुंबईला, ज्यांच्याशी १९९८ पासून बोलणं नाही. गावाकडं बावीस गुंठे ऊस, तोही सामाईक सातबाऱ्यावर. राहिला बायकोचा साज. तिनं तो न मागता काढून ठेवला होता, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

साहेबांनी पॅडवर आकडे मांडले. वर्षाला चार लाख उचलले, व्याज साडेदहा टक्के धरलं. शिकतानाची चार वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही. मी म्हणालो, चांगलं आहे की. ते म्हणाले, "हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही." पाच वर्षांनी सोळा लाखांचे जवळपास बावीस लाख झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साडेएकोणतीस हजार. मग पॅड माझ्याकडं फिरवून त्यांनी विचारलं,

"मुलगा आलाय का बरोबर?"

"नाही, त्याला कशाला टेन्शन."

"कर्जदार तोच आहे साहेब. तुम्ही सहकर्जदार."

बँकेतून बाहेर आलो आणि गाडी चालू करायची विसरून तसाच बसून राहिलो. ज्याच्या नावावर हे चढणार होतं त्याला सोडून मी सगळ्यांशी बोललो होतो. बायको, मेव्हणा, भिशीवाला, बँकवाला, अगदी लेथवरचा आमचा दादासुद्धा.

त्या रात्री जेवणं झाल्यावर पोरापुढं कागद ठेवला. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यात आलाच नव्हता: "तिथून बाहेर पडणाऱ्याला पहिला पगार किती मिळतो?" तिथंच शिकून गेलेला इचलकरंजीचा एक जण त्यानं इन्स्टावर शोधून ठेवला होता, त्याला फोन लावला. तो बिचारा खरं बोलला. म्हणाला, पहिली नोकरी हातात अठ्ठावीस हजार, पुण्यात, खोलीभाडं त्यातच. हप्ता साडेएकोणतीस. पोरगं उठून गच्चीवर गेलं. दोन दिवस बोललं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणालं, "पप्पा, हे मे महिन्यात सांगायचं होतं. परीक्षा मी दिलीच असती. पण सगळ्यांना सांगितलं नसतं."

भावकीत फिरलेला तो फोटो. पैशापेक्षा ते त्याला जास्त लागलं आणि ते माझ्यामुळं झालं.

आता नियमांचं थोडं, कारण पुष्कळांना हे प्रवेश झाल्यावर कळतं. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, जिला आपण सवयीनं ईबीसी म्हणतो. उत्पन्न आठ लाखांच्या आत, शिक्षण शुल्काचे ५० टक्के, एका घरातल्या दोन अपत्यांपर्यंत. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. खासगी अभिमत आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ती लागूच नाही. हे मला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून झाल्यावर कळलं. कॅपच्या अर्जात टीएफडब्ल्यूएस म्हणून एक पर्याय असतो, पाच टक्के जागा, तिथं शिक्षण शुल्क माफ. कटऑफ मात्र डोळे पांढरे करतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. क्रमवारीतल्या संस्थांसाठी (तेव्हा यादीत ८६० होत्या) विनातारण, विनाजामीन कर्ज, आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकण्याच्या काळात ३ टक्के व्याजसवलत. चांगलंच आहे. पण सवलत व्याजात आहे, मुद्दल तुमचंच. आणि पोराचं कॉलेज त्या यादीत आहे का, हे पेढे वाटण्याआधी बघा.

माझी भाची त्याच वर्षी बारावी झाली. मुलींचं शिक्षण शुल्क माफ करणारा ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला आणि तिला कॅपमधून पुण्यात कॉम्प्युटरला शिक्षण शुल्क शंभर टक्के माफ झालं. आम्हाला मनापासून आनंद झाला. (पोरगं म्हणालं, "मी मुलगी असतो तर." आजीनं त्याला चांगलंच सुनावलं, तिला चौथीत शाळेतून काढली होती.) पण शुल्क शून्य झालं म्हणजे खर्च शून्य झाला, असं आमच्या अक्कालाही वाटलं होतं. कॉलेजच्या वसतिगृहात जागा नाही. कॉट बेसिसवर एका खोलीत चौघी, महिना साडेसहा हजार. मेस तीन हजार आठशे. दहा महिन्यांचे झाले एक लाख तीन हजार, डिपॉझिट वेगळं. शिष्यवृत्ती कुठलीही असो, ती तिच्या वेळेनं खात्यावर येते. मेसवाला एक तारखेला दारात उभा असतो. अक्कानं कानातलं मोडलं, ते फीसाठी नव्हे, वांगी-बटाट्याच्या भाजीसाठी.

हे बघून मला दसरा चौकातल्या त्या बोर्डिंगच्या, म्हणजे जुन्या वसतिगृहांच्या इमारती वेगळ्या दिसायला लागल्या. आपण कोल्हापूरकर शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय भाषण सुरू करत नाही. २६ जुलै १९०२ चा ५० टक्के आरक्षणाचा हुकूम सगळ्यांना पाठ. १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षणही पाठ. पण त्या हुकमाच्याही आधी, १९०१ मध्ये, मराठा बोर्डिंग निघालं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क, एकामागून एक. खेड्यातलं पोरगं फीपाशी अडत नाही. रात्री कुठं टेकायचं आणि सकाळी काय खायचं, इथं अडतं, हे त्या माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटील याच कोल्हापुरात बोर्डिंगमध्ये राहून शिकले आणि पुढं त्यांनी गावोगाव वसतिगृहंच काढली. आमचे आण्णा राधानगरीकडून आले ते बोर्डिंगच्या जिवावर. घरून भाकऱ्यांचं गठुडं एसटीनं यायचं, स्टँडवर उतरवून घ्यायचं. ते म्हणायचे, एसटी चुकली की त्या दिवशी गणित येत नसे.

आजच्या सगळ्या योजना टक्के मोजतात शिक्षण शुल्काचे. निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत, नाही असं नाही. पण कॉट कुठं आहे? पुण्यात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची इतकी पोरं आहेत, त्यांच्यासाठी नवी बोर्डिंगं का उभी राहत नाहीत? आपले साखर कारखाने, आपल्या बँका, आपले दूध संघ, जयंतीला पानभर जाहिरात देणारे सगळे. एका वर्षाच्या जाहिरातींत किती कॉट येतील, कुणीतरी मोजा.

आणखी एक गोष्ट याच काळात नव्यानं वाचली आणि ती पोरालाही वाचायला दिली. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. तिथून लंडनला आले, अभ्यास सुरू केला आणि शिष्यवृत्ती संपली. १९१७ मध्ये अर्धवट सोडून परत यावं लागलं. शिष्यवृत्ती कमी पडणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? मग त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले. मार्च १९२० मध्ये आपल्या माणगावला परिषद झाली, तिथं शाहू महाराज आणि ते एका व्यासपीठावर होते. त्याच वर्षी ते लंडनला परत गेले: थोडी स्वतःची शिल्लक, थोडी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजारांचं कर्ज. १९२३ मध्ये डीएस्सी मिळवलीच. मी हे प्रेरणा वगैरे म्हणून सांगत नाही. त्यांची बरोबरी आपण कशाला करायची. माझं लक्ष अडकलं ते मधल्या तीन वर्षांत. ती नोकरीची वर्षं. कुणी म्हटलं असेल तेव्हा, संपलं याचं शिक्षण.

पोरगा आता कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत मेकॅनिकलला आहे. खूश आहे असं म्हणणार नाही. पहिलं सेमिस्टर तर तो माझ्याशी 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलायचा. शनिवारी घरी आला की अजून वहीत चित्रं काढतो. डिझाइनची मास्टर्स करायची म्हणतो, त्यासाठी सीड परीक्षा द्यायची. यंदा मे महिन्यात त्यानंच एक कागद माझ्यापुढं टाकला. चार संस्था, प्रत्येकीची फी, खोली, मेस, लॅपटॉप, येण्याजाण्याचं भाडंसुद्धा. तळाला 'कर्ज किती' आणि 'हप्ता किती'. हप्त्याचा हिशेब मी तपासला, बरोबर होता.

त्या कागदात एका ओळीपुढं त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'घर - तारण?'

म्हणून गेल्या आठवड्यात सिटी सर्व्हेच्या कार्यालयात जाऊन वारस नोंदीला काय काय लागतं ते विचारून आलो. चारही भावांच्या घरातून सह्या लागणार. मुंबईच्या काकांचा नंबर आईच्या जुन्या डायरीत होता, तोही लँडलाइनचा. नवा नंबर चुलतबहिणीकडून मिळवला. काल रात्री लावला. दोनदा पूर्ण रिंग गेली, उचलला नाही. रविवारी परत लावतो.